विश्लेषण : तुर्भ्यात दिवसभाड्याचा फ्लॅट… पाहुण्याला परवडतो, मालकालाही परवडतो का?

मुंबईत चार दिवसांचे काम, पण मुंबईत राहण्याचे दर खिशाला न झेपणारे. अशांची पावले गेल्या काही वर्षांत खाडीपलीकडे वळू लागली आहेत. वाशी, सानपाडा, तुर्भे, नेरुळ या पट्ट्यातील रिकामे फ्लॅट मोबाइल अ‍ॅपवरून एकेका रात्रीसाठी मिळू लागले आहेत. पाहुण्याची सोय होते आणि हप्ते भरणाऱ्या मालकाला दोन पैसे मिळतात, असा हा सरळ व्यवहार दिसतो. प्रत्यक्षात त्यात सोसायटी, सिडकोचा भाडेपट्टा, पोलीस आणि जीएसटी असे बरेच भागीदार आहेत.

तुर्भेच का?

तुर्भे हे काही पर्यटनस्थळ नव्हे. एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला शीव-पनवेल महामार्ग, मध्ये कृषी उत्पन्न बाजार समितीचा अवाढव्य पसारा. इथे येणारा माणूस बहुधा कामासाठी येतो. कुणी बाजार समितीत माल विकायला येतो, कुणी कारखान्यात यंत्र बसवायला, कुणी परीक्षेला, तर कुणी रुग्णाला घेऊन.

तुर्भे स्थानक ट्रान्स हार्बर मार्गावर आहे. ठाण्याला थेट गाडी. वाशी दोन स्थानकांवर असून तिथून हार्बरने मुंबई गाठता येते. ठाणे-पनवेल गाडी पकडली तर जुईनगर, नेरुळ, बेलापूर, खारघर हे सगळे गाडी न बदलता होते. खारघरला टाटा मेमोरियल केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संस्था आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी तिथे येणाऱ्या कुटुंबांना आठवडेच्या आठवडे राहावे लागते. त्यांच्यासाठी रात्रीमागे पाचशे रुपयांचा फरक म्हणजे औषधाचा खर्च.

त्यात आता विमानतळाची भर पडली आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने सुरू झाली. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठा कार्यक्रम असला की मागणी कशी उसळते, हे जानेवारी २०२५ मधील ‘कोल्डप्ले’च्या कार्यक्रमांवेळी दिसले होते. आसपासच्या खोल्यांचे दर तेव्हा कैक पटींनी चढले. त्यामुळे तारखा हातात असतील तर स्टेडियमचे वेळापत्रक आधी पाहणे शहाणपणाचे.

स्वस्त खोली घेताना काय पाहावे?

‘स्थानकापासून पाच मिनिटे’ हे वाक्य जाहिरातीत असतेच. मात्र तुर्भ्यात स्थानकाच्या पूर्वेला की पश्चिमेला, हा प्रश्न अंतरापेक्षा महत्त्वाचा ठरतो. नकाशावर शेजारी दिसणारी इमारत महामार्गाच्या किंवा रुळांच्या पलीकडे असेल, तर सामान घेऊन चांगलाच वळसा पडतो. बाजार समितीलगतच्या भागात रात्र आणि पहाट हीच खरी वर्दळीची वेळ, कारण भाजीपाल्याचे ट्रक तेव्हाच येतात. झोप सावध असेल त्याने रस्त्याकडेची खोली टाळावी. एमआयडीसी आणि कचराभूमीच्या बाजूला वारा फिरला की वासही येतो. हे फोटोत दिसत नाही. म्हणून जुन्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना ‘आवाज’, ‘वास’, ‘पाणी’ हे शब्द शोधावेत.

रविवारी बाहेर पडायचे असेल तर मेगाब्लॉकची घोषणा आदल्या दिवशी पाहावी. ट्रान्स हार्बरवर ब्लॉक असला की तुर्भ्याचा सगळा फायदा त्या दिवसापुरता संपतो आणि रिक्षा-टॅक्सीचा खर्च अंगावर येतो. मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे किमान भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. लोकलचे किमान तिकीट मात्र अजून पाच रुपयांतच मिळते. दिवसातून दोनदा ये-जा करणाऱ्या कुटुंबाने खोलीचे भाडे आणि हा प्रवासखर्च एकत्र धरूनच तुलना करावी.

दराची तुलना करताना करही पाहावा लागतो. हॉटेलच्या साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून पाच टक्क्यांवर आला आहे. मालकाची जीएसटी नोंदणी नसली तरी अ‍ॅपवरून केलेल्या आरक्षणावर हा कर अ‍ॅपच्या कंपनीला भरावा लागतो. त्यामुळे ‘मालक नोंदणीकृत नाही, मग कर कसला?’ हा वाद घालण्यात अर्थ नाही. उलट ‘अ‍ॅपवर नको, थेट मला पैसे पाठवा, स्वस्त पडेल’ असे सांगितले जाते तेव्हा कर वाचतो खरा, पण खोली मिळाली नाही तर दाद मागायची वाटही बंद होते. खोली प्रत्यक्षात नसतानाच आगाऊ रक्कम उकळण्याची फसवणूक याच मार्गाने होते. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला पहिल्या काही तासांत फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

ओळखपत्र देणे टाळता येत नाही, पण आधारचे बारा आकडे देण्याची गरज नसते. शेवटचे चारच आकडे दिसणारे ‘मास्क्ड आधार’ आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. अविवाहित जोडप्यांना खोली देणे बेकायदा असल्याचा समजही सर्रास आढळतो. तसा कायदा नाही. कोइम्बतूरमधील एक सर्व्हिस अपार्टमेंट याच कारणावरून सील झाले होते, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती कारवाई चुकीची ठरवली. अर्थात, मालक आपल्या घरी कुणाला ठेवायचे हे ठरवतो, त्यामुळे आरक्षणाआधी विचारून घेतलेले बरे.

फ्लॅटखेरीज आणखी एक पर्याय अनेकांना ठाऊक नसतो. वाशी स्थानकाजवळ केरळ हाऊस, आसाम भवन, ओडिशा भवन अशी परराज्यांची अतिथिगृहे आहेत. तिथे त्या त्या राज्यातील नागरिकांना प्राधान्य असते. त्या राज्यांतून रुग्णाला घेऊन येणाऱ्यांनी अ‍ॅप उघडण्याआधी तिथे चौकशी करावी.

मालकाचे गणित

समजा, तुर्भ्यातील एका छोट्या फ्लॅटला दरमहा २२ हजार रुपये भाडे मिळू शकते. तोच फ्लॅट रात्रीला २,२०० रुपयांनी दिला आणि महिन्यातून १४ रात्री भरल्या, तर ३०,८०० रुपये जमा होतात. आकडा मोठा दिसतो. त्यातून अ‍ॅपचे कमिशन १५ टक्के धरले तर ४,६२० रुपये जातात. सरासरी मुक्काम दोन रात्रींचा धरल्यास सात वेळा साफसफाई आणि चादरींची धुलाई करावी लागते. दर वेळी ५०० रुपये म्हणजे ३,५०० रुपये. वीज, वायफाय, पाणी यांचे ३,५०० रुपये. फर्निचर, एसी, गिझरसाठी दीड लाख घातले आणि ते पाच वर्षांत वसूल करायचे ठरवले, तर महिन्याला २,५०० रुपये. हाती राहतात १६,६८० रुपये, म्हणजे घरबसल्या मिळणाऱ्या भाड्यापेक्षा पाच हजारांहून अधिक कमी.

याच आकड्यांनुसार एका रात्रीमागे १,६२० रुपये सुटतात आणि २२ हजारांची बरोबरी करायला महिन्यात १८ रात्री भराव्या लागतात. त्याही बाराही महिने, पावसाळ्यासकट. प्रत्येक मालकाने स्वतःचे आकडे घालून ही आकडेमोड करावी. किल्ली द्यायला रात्री साडेअकराला कोण जाणार, याची किंमत यात धरलेलीच नाही.

सोसायटी अडवू शकते का?

खरा तिढा इथे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ती जबाबदारी मालकाची, आणि चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या कायद्यासमोर अकरा महिने राहणारा भाडेकरू होता, दोन रात्रींचा पाहुणा नव्हता. दोन रात्रींसाठी करार नोंदवणे कुणालाच शक्य नाही. म्हणून मालक म्हणतात, ‘हा भाडेकरू नव्हे, पाहुणा.’ त्यावर सोसायटी म्हणते, ‘पाहुण्याकडून पैसे घेता, मग हे लॉजच झाले.’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. संस्थेला कळवणे, नोंदणीकृत कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देणे आवश्यक असते. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. पण ही सवलत निवासी वापरासाठी आहे. रोज नवा चेहरा, रात्री-अपरात्री सामानाच्या बॅगा आणि लिफ्टमध्ये अनोळखी माणसे असतील, तर हा वापर निवासी राहिला नाही, अशी हरकत संस्था घेऊ शकते. शिवाय नवी मुंबईतील बहुतांश जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली आहे आणि भूखंडाचा वापर कशासाठी, हे भाडेपट्ट्यात लिहिलेले असते. ‘फ्लॅट माझा, मी काहीही करीन’ हा युक्तिवाद मुंबईपेक्षा इथे अधिक लंगडा पडतो.

त्यामुळे अ‍ॅपवर फोटो चढवण्याआधी सोसायटीला लेखी पत्र द्यावे. पाहुण्यांची नोंद सुरक्षारक्षकाकडे कशी होईल, वाहन कुठे लागेल, रात्री किती वाजेपर्यंत प्रवेश, हे त्यात लिहावे. लपूनछपून सुरू केलेला व्यवसाय पहिल्या भांडणातच उघडा पडतो.

‘होम स्टे’ म्हणून नोंदणी करता येईल का?

नावात ‘होम’ आहे, हे इथे लक्षात घ्यावे लागते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या निवास व न्याहारी योजनेत मालक किंवा त्याच्या कुटुंबाने त्याच घरात राहणे अपेक्षित असते आणि किमान एक, कमाल सहा खोल्यांची मर्यादा असते. म्हणजे तुर्भ्यात राहणारे निवृत्त जोडपे आपली एक खोली देत असेल तर ते या चौकटीत बसते. पुण्यात राहून तुर्भ्यातील रिकामा फ्लॅट चालवणारा मालक बसत नाही. राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडेही अशा निवासांची नोंदणी होते आणि त्याचे कोकण विभागाचे कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात आहे. आपला फ्लॅट कोणत्या प्रकारात मोडतो, तिथे वीजदर आणि मालमत्ता कर निवासी राहणार की वाणिज्यिक होणार, हे पैसे गुंतवण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

परदेशी पाहुणा आला तर आणखी एक बंधन आहे. ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखली जाणारी माहिती तो आल्यापासून २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेला ऑनलाइन कळवावी लागते. पाहुणा परदेशातून आलेला मित्र असला तरी हे चुकत नाही.

इतरत्र काय स्थिती?

गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे आणि पर्यटकांना घर देणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. नवी मुंबईकरांनी गोव्यात घेतलेल्या ‘सेकंड होम’लाही तोच नियम. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी मालकाने स्वतः घरात असणे आणि दोनच पाहुणे ठेवणे बंधनकारक केले. बार्सिलोनाने तर पर्यटकांच्या फ्लॅटचे दहा हजारांवर परवाने २०२८ मध्ये नूतनीकरण न करता संपवण्याचे ठरवले आहे, कारण तिथल्या रहिवाशांनाच भाड्याची घरे मिळेनाशी झाली.

तुर्भ्यात अजून ती वेळ आलेली नाही. पण एमआयडीसीतला कामगार आणि बाजार समितीतला कारकून याच इमारतींत भाड्याने राहतात. विमानतळ पूर्ण क्षमतेने चालू लागेल तेव्हा मालकांना रात्रीचे भाडे अधिक गोड वाटू लागले, तर घरभाड्याची पहिली वाढ याच मंडळींच्या वाट्याला येईल.