खचलेले आसन आणि दुखरे गुडघे

घरातील वडीलधारी मंडळी ‘आता मला कुठे नेऊ नका’ असे म्हणू लागली, की आपण त्याचा संबंध वयाशी जोडून मोकळे होतो. उत्साह ओसरला, गुडघे थकले, असे म्हणून विषय मिटतो. दवाखान्यात अशी तक्रार आली, की मी मात्र आणखी एक प्रश्न विचारतो : घरची गाडी किती वर्षांची आहे, आणि आजी-आजोबा तिच्यात कोणत्या आसनावर बसतात? प्रश्न ऐकून नातेवाईक बुचकळ्यात पडतात. पण जी व्यक्ती घरातल्या लाकडी खुर्चीवरून हातांच्या आधाराने स्वतः उठते, तिला गाडीतून उतरवताना दोघांना ओढावे लागत असेल, तर सारा दोष गुडघ्यांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीचे आसन खचलेले असते. ते घरच्या घरी, थोडक्या खर्चात पुष्कळसे सुधारता येते. कसे, ते येथे सविस्तर सांगतो.

आधी शरीराची बाजू समजून घेऊ. आसन जितके खोल, तितका उठताना गुडघा अधिक वाकलेला असतो आणि शरीराचा भार पावलांच्या तितकाच मागे राहतो. तो भार पुढे आणून वर उचलण्याचे काम मांडीच्या पुढील स्नायूंचे. वाढत्या वयात नेमके हेच स्नायू क्षीण होतात. घरातील खुर्चीवरून उठताना आपण कमरेतून पुढे झुकतो आणि वेळ निभावून नेतो. गाडीत छप्पर आडवे येते, म्हणून झुकता येत नाही. पाय उंबऱ्यापलीकडे रस्त्यावर टेकवावे लागतात. आणि आधारासाठी हात जातो तो दाराकडे, जे स्वतःच हलते. ज्येष्ठांचा तोल गाडीजवळ जातो, तो बहुधा याच क्षणी.

बसलेल्या अवस्थेतही त्रास चुकत नाही. नितंब खड्ड्यात आणि गुडघे वर अशी बैठक झाली, की कटीभाग मागे कलतो, पाठीचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि कमरेच्या मणक्यांमधील चकत्यांवर ताण येतो. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांचे पोट वर ढकलले जाऊन श्वास अपुरा वाटतो. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला पहिले काही आठवडे ‘गुडघा खुब्यापेक्षा वर येऊ देऊ नका’ अशी सूचना शल्यविशारद बहुधा देतात. घरी उंच खुर्ची आणली जाते, शौचालयात उंच भांडे बसवले जाते, आणि तपासणीला नेताना हीच सूचना गाडीत नकळत मोडली जाते. आणखी एक गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही. उतरणे अवघड असल्यामुळे वाटेत लघवीला थांबण्याची वेळ येऊ नये, म्हणून कित्येक वृद्ध प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. भर उन्हाळ्यात, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, हे धोक्याचे आहे.

आता आसनाची बाजू. सर्वांत वर कापडाचे किंवा रेक्झिनचे कव्हर, त्याखाली साच्यात घडवलेला फोम, त्याखाली बहुधा नमद्याचा किंवा जाड कापडाचा थर, आणि सर्वांत खाली लोखंडी चौकटीला अडकवलेल्या नागमोडी स्प्रिंगा किंवा तारांची जाळी. हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये या रसायनाचा शोध लावला. त्यापूर्वी आसनांत घोड्याचे केस, कापूस, काथ्या असे भरणे असे. फोममध्ये हवेची असंख्य सूक्ष्म घरे असतात. वर्षानुवर्षांचा भार, पावसाळी ओल आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील प्रखर उष्णता यांमुळे त्या घरांच्या भिंती मोडतात, आणि दाबलेला फोम पुन्हा फुगत नाही. मात्र पुष्कळदा वरचा फोम ठीक असतो. मधला थर फाटून तारा फोममध्ये रुतलेल्या असतात किंवा एखाद्या स्प्रिंगेचा आकडा चौकटीतून निसटलेला असतो. म्हणून विजेरी घेऊन आधी आसनाखाली पाहावे. तारांमधून खाली लोंबणारा फोम, तळाशी सांडलेली पिवळसर भुकटी किंवा बसताना होणारा ‘कट’ असा आवाज, यांवरून दुखणे कुठे आहे ते कळते.

खड्डा किती खोल आहे, तेही मोजावे. आसनाच्या दोन्ही कडांच्या उंचवट्यांवर सरळ काठी आडवी ठेवून तिच्यापासून खड्ड्याच्या तळापर्यंतचे अंतर टेपने घ्यावे, आणि त्याच गाडीतील कमी वापरल्या जाणाऱ्या आसनाशी त्याची तुलना करावी. त्यानंतर ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे, त्यांना नेहमीची पादत्राणे घालून आसनावर बसवावे आणि बाजूने पाहावे. गुडघा खुब्याच्या पातळीत किंवा किंचित खाली हवा. चालकाच्या आसनात दाराकडील कड चढ-उतार करून अधिक चेपलेली असते, त्यामुळे शरीर एका अंगाला कलते. सायटिकाची तक्रार असलेल्यांनी हे मुद्दाम तपासावे. (मागच्या खिशातील जाडजूड पाकीटही तेवढेच कारणीभूत असते, पण ते काढायला सांगितले तर मंडळी रुसतात.) आसन वर-खाली करण्याचा खटका गाडीत असेल तर तो आधी वापरून पाहावा. तो असल्याचे घरात कोणालाच ठाऊक नसते, असेही मी पाहिले आहे.

बहुतेक घरांत या दुखण्यावर एकच उपाय होतो : वर एक उशी टाकणे. मला तो मान्य नाही. सुटी उशी घसरते. आसनपट्ट्याचा खालचा भाग ओटीपोटाच्या हाडांवर घट्ट बसायला हवा. मऊ, जाड उशीवर बसलेली व्यक्ती गाडीने करकचून ब्रेक लावताच पुढे आणि खाली सरकते, पट्टा हाडांवरून निसटून पोटावर चढतो, आणि जो पट्टा जीव वाचवायचा तोच आतड्यांना इजा करतो. मधोमध भोक असलेली गोल रबरी उशीही मी सुचवत नाही; भोकाभोवतीच्या त्वचेवर ताण येऊन तेथील रक्तप्रवाह मंदावतो. माकडहाड दुखत असेल तर मागच्या बाजूला खाच असलेली उशी घरातल्या खुर्चीवर वापरावी. गाडीत भर घालायची ती कव्हराच्या आत.

आणि भर घालायची म्हणजे खालून. बहुतेक जुन्या गाड्यांत आसन आणि पाठ यांच्यामधील फटीत हात घातला, की कव्हराची मागची कड प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा आकड्यांनी चौकटीला अडकवलेली सापडते. ती सोडवली की फोम मागून उचलता येतो. आसन गाडीतून बाहेर काढण्याची गरज पडत नाही. प्रथम तारांवर नवा थर पसरावा. जाड नमदा मिळाला तर उत्तम. नाहीतर धुऊन कडक उन्हात वाळवलेले गोणपाट दुहेरी शिवून घ्यावे. तारा फोममध्ये पुन्हा रुतू नयेत, एवढेच त्याचे काम. त्यावर रिबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला घट्ट तक्ता, ठेवावा. तो गाद्यांच्या किंवा कुशनच्या दुकानात कापून मिळतो. एका आसनापुरता तुकडा काहीशे रुपयांत येतो. मऊ फोम घेऊ नये. तो हाताला छान लागतो आणि थोड्याच दिवसांत बसतो.

जाडी किती, हा खरा प्रश्न. एकदम दोन इंच भरण्याचा मोह आवरावा. अर्ध्या इंचाचा तक्ता घालून बसून पाहावे, मग लागला तर दुसरा. शिवाय भर मागच्या निम्म्या भागात, बसताना टेकणाऱ्या हाडांखाली हवी. पुढे निमुळती होत संपायला हवी. पुढची कड उंच झाली तर मांडीचा खालचा भाग दाबला जातो, पायांना मुंग्या येतात आणि सूज असलेल्या पायांची सूज वाढते. तक्त्याच्या कडा धारदार सुरीने तिरप्या कापाव्यात, म्हणजे पायरी टोचत नाही.

स्प्रिंगेचा आकडा निसटला असेल तर तो पक्कडीने पुन्हा बसवावा. जाळीच सैल पडली असेल तर आपल्या ओळखीची नवार कामी येते. खाटेला विणतो तीच सुती नवार चौकटीच्या दोन बाजूंना उभी-आडवी ताणून, टोके दुहेरी दुमडून पक्की शिवली, की फोमला चांगला आधार मिळतो. जिथे नवार लोखंडाच्या कडेवरून जाते, तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा, नाहीतर ती घासून तुटते. तुटलेल्या तारेचे टोक मात्र कधीही तसेच सोडू नये. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या माणसाला ते टोचल्याचे समजतसुद्धा नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला साध्या खुपण्याने मोठा काळानिळा डाग पडतो. कव्हर बंद करण्यापूर्वी तळहाताने दाबत सगळे आसन चाचपावे.

काही जण फोमखाली प्लायवूडची फळी सरकवतात. आसन उंच होते हे खरे. पण हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, गतिरोधकावरचा एक जोरदार हादरा मणका चेपायला पुरेसा ठरू शकतो. फळी तो हादरा जसाच्या तसा कण्यापर्यंत पोचवते. फळी नको.

काम मोकळ्या जागी, तोंडाला मास्क लावून करावे. जुन्या फोमची भुकटी आणि त्यातील बुरशी दम्याच्या रुग्णाला सोसत नाही. त्याला त्या दिवशी गाडीपासून दूर ठेवावे. तक्ते चिकटवायला रबरी सोल्युशन वापरले तर दारे उघडी ठेवून गाडी दिवसभर हवेशीर राहू द्यावी, आणि जवळ काडी-विडी नको. पुराच्या किंवा पावसाच्या पाण्यात भिजून कुबट वास मारणारा फोम दुरुस्त करत बसू नये, तो टाकूनच द्यावा.

एवढे सांगितल्यावर कशाला हात लावू नये, तेही सांगतो. आसनाच्या बाजूला एअरबॅगची खूण असेल, किंवा खाली पिवळ्या जोडणीच्या तारा दिसत असतील, तर घरचा प्रयोग नको. काही गाड्यांत पुढच्या आसनात बसलेल्याचा भार ओळखणारे यंत्रही असते. अशी आसने जाणकाराकडेच द्यावीत. आसन ज्या रुळांवर सरकते ते रूळ, त्यांचे बोल्ट, पट्ट्याचे कुलूप यांना सैल करू नये. चौकटीचा सांधा तडकला असेल किंवा गंजून खिळखिळा झाला असेल, तर नवारीने त्याची मलमपट्टी होत नाही. त्याच जातीच्या मोडीत निघालेल्या गाडीचे सुस्थितीतील आसन स्वस्तात मिळते. ते कारागिराकडून बसवून घ्यावे.

आसन उंचावले की बाकीची मापेही बदलतात. आरसे पुन्हा लावावेत. डोक्यामागील आधार डोक्याच्या वरच्या टोकाजवळ येईल इतका उचलावा. तो मानेशी राहिला तर मागून धक्का बसल्यावर मान मागे झटकली जाते. स्वतः गाडी चालवणाऱ्या ज्येष्ठांनी पाय पॅडलपर्यंत पूर्ण पोचतो का आणि छाती व चाक यांत सुमारे 25 सेंटिमीटर अंतर राहते का, ते गाडी उभी असतानाच पाहावे. पहिली फेरी पंधरा-वीस मिनिटांचीच असावी. घरी आल्यावर माकडहाडावरची त्वचा पाहावी. अर्ध्या तासात न मावळणारी लाली दिसली तर तेथे दाब जास्त पडतो आहे. भर कमी करावी.

बसवण्या-उतरवण्याची रीतही सुधारावी. गाडी पदपथाला अगदी चिकटवून न लावता पाऊल सपाट टेकेल इतकी जागा सोडावी. आजींनी आसनाकडे पाठ करून उभे राहावे, मांडीला कड लागली की एक हात डॅशबोर्डवर, दुसरा पाठीच्या कडेवर ठेवून आधी बसावे, डोके सांभाळावे, आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना हेच उलट क्रमाने : दोन्ही पाय बाहेर, आसनाच्या कडेपर्यंत सरकणे, मग उठणे. सोबत्याने काखेत हात घालून ओढू नये, खांदा दुखावतो. समोर उभे राहून हाताचा कोपर आधाराला द्यावा, आणि दार दुसऱ्या कोणी धरून ठेवावे. वळणे सोपे जावे म्हणून आसनावर गुळगुळीत पिशवी टाकण्याची युक्ती चांगली आहे, पण गाडी सुरू होण्यापूर्वी ती काढलीच पाहिजे.

एवढे सगळे करूनही उठणे जड जात असेल, तर एक परीक्षा घरी करावी. भिंतीला टेकवलेल्या साधारण 45 सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवरून, हात छातीशी घेऊन, उठता येते का ते पाहावे. शेजारी कोणीतरी उभे असावे. तेही जमत नसेल तर मांडीच्या स्नायूंना व्यायामाची गरज आहे, तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. आणि बसल्यावर पायात बधिरपणा चढत असेल, बैठकीच्या जागी संवेदना हरवत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल किंवा प्रवासानंतर एकच पाय सुजून दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यासाठी आसन दुरुस्त होण्याची वाट पाहू नये.