खोडवा पिवळा पडला, तर आधी पान कोणते ते पाहा



माघ-फाल्गुन लागला आणि पहिल्या तोडीचे खोडवे गुडघ्याला आले, की आमच्या ऊसविकास विभागाच्या दारात एकच प्रश्न येतो. "साहेब, खोडवा पिवळा पडलाय, काय मारू?" विचारणाऱ्याच्या एका हातात पिवळे पान असते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या हातात दुकानातून आणलेली बाटली. म्हणजे औषध आधी ठरले, दुखणे मागाहून बघायचे. युरियाचे पोते तर त्याच्याही आधी रानात पडून गेलेले असते.

पिवळेपणा हे ताप आल्यासारखे लक्षण आहे. ताप थंडीचा की विषमाचा हे बघितल्याशिवाय गोळी देत नाहीत. उसाचेही तसेच आहे, आणि सुदैवाने ऊस आपले दुखणे पानावर बऱ्यापैकी स्पष्ट लिहून ठेवतो. ते वाचायचे कसे, आणि पानाने सांगितलेले जमिनीत व पाण्यात कसे पडताळायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पिवळे पान खालचे की वरचे?

रानात गेल्यावर पहिली गोष्ट हीच पाहायची. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये उसाच्या अंगात फिरती असतात. जमिनीतून कमी मिळाली की ऊस ती जुन्या पानांतून काढतो आणि नव्या पोंग्याला देतो. घरात धान्य कमी पडले तर थोरले माणूस आपल्या ताटातले लेकराला वाढते, तसाच हा प्रकार. त्यामुळे या द्रव्यांची उणीव खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसते. लोह, गंधक, कॅल्शियम, मँगेनीज यांचे उलट असते. ती एकदा जुन्या पानात जाऊन बसली की सहसा तिथून हलत नाहीत. म्हणून त्यांची उणीव वरच्या, नव्या पानांवर दिसते आणि खालची पाने खुशाल हिरवी राहतात. जस्त या दोहोंच्या मधले, पण उसात बहुधा नव्या पानांकडेच बोट दाखवते.

खालची पाने सगळीकडून सारखी फिकट झाली, शेंड्याकडून वाळत चालली आणि फुटवे बारीक राहिले, तर नत्र कमी आहे असे समजावे. तिथे युरिया बरोबर आहे. खालच्या पानांच्या कडा आणि टोके भाजल्यासारखी होऊन मधल्या शिरेच्या वरच्या अंगाला लालसर झाक आली, तर पालाश कमी. जुन्या पानांवर गंजासारखे ठिपके असतील तर मॅग्नेशियमची शंका घ्यावी. स्फुरदाचा पिवळेपणा फारसा दिसतच नाही. ऊस निळसर गडद दिसतो, फुटवे कमी येतात, कांड्या आखूड राहतात, आणि शेतकऱ्याला वाटते की ऊस हिरवा आहे म्हणजे बरा आहे.

आता वरची पाने. सगळे नवे पान शिरांसकट एकसारखे पिवळे असेल तर गंधकाचा विचार करावा. शिरा हिरव्या आणि शिरांमधली जागा पिवळी, म्हणजे पानावर लांबच लांब हिरवे-पिवळे पट्टे पडले आणि पुढे सबंध पान केवड्याच्या पानासारखे पांढुरके झाले, तर ते लोहाचे. त्यालाच आपल्याकडे केवडा म्हणतात. आपल्या भागात खोडवा पिवळा पडण्याच्या तक्रारी येतात त्यांत हाच जास्त निघतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

लोह जमिनीत आहे, उसाला मिळत नाही

केवडा म्हटला की माणसाला वाटते जमिनीत लोह संपले. हा समज काढून टाकला पाहिजे. आपली काळी जमीन ज्या काळ्या पाषाणापासून झाली त्यात लोह भरपूर आहे. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच मातीचे वजन साधारण नऊ लाख किलो भरते. त्यात लोह शेकडा एक भागच धरले तरी नऊ हजार किलो झाले. शंभर टन उसाला लागते ते तीन-साडेतीन किलोच्या आसपास. मग अडते कुठे?

अडते ते सामूपाशी आणि चुनखडीपाशी. सामू म्हणजे माती आम्ल आहे की विम्ल हे सांगणारा आकडा. सात हा मध्य, त्याच्या खाली आम्ल, वर विम्ल. उसाला साडेसहा ते साडेसात मानवतो. आपल्या काळ्या रानांचा बऱ्याच ठिकाणी आठच्या वर जातो. हा आकडा साधा नाही. सात आणि आठ यांत एकाचे अंतर दिसते, पण विम्लपणा दहापट वाढलेला असतो. आणि लोहाची गंमत अशी की सामू एकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळणारे फेरिक लोह सुमारे हजारपटीने कमी होते. तिजोरी भरलेली आहे, किल्ली हरवली आहे.

त्यात जमिनीत मोकळा चुना शेकडा दहाच्या वर असला आणि वरून पाणी साचले, तर मातीच्या पाण्यात बायकार्बोनेट वाढते आणि मुळाला जे थोडे लोह घेता येत होते तेही थांबते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मुळातच बायकार्बोनेटचे असेल तर दर पाळीला आपण तेच घालत असतो. म्हणून पिवळ्या खोडव्याला "पाणी कमी पडलं असेल" म्हणून आणखी एक पाळी देणे हा हमखास उलटा उपाय. नुसता युरिया वाढवणे हाही तसाच. त्याने पुष्कळदा केवडा वाढतो.

खोडव्यातच हे जास्त का? तोडणी झाली की जुन्या मुळ्यांचा जोर ओसरतो आणि नव्या मुळ्या फुटायला काही आठवडे लागतात. त्यात थंडी असते, पाचटाखाली रान ओलसर राहते. फुटवा वर जोरात वाढतो, खाली मूळ कमजोर. पुढे ऊन वाढले आणि नव्या मुळ्या चालू लागल्या की हलक्या प्रमाणातला केवडा पुष्कळदा आपोआप हिरवा होतो. त्या वेळी ज्याने जी बाटली मारली असेल तिची कीर्ती गावभर होते!

रानाचा नकाशा बघा

पिवळे कुठे पडले हे पाहिले तर अर्धे निदान होते. जमीन सपाट करताना उंचवट्याची वरची माती खरवडून खोलगटात नेलेली असते. उंचवट्याच्या जागी खालची चुनखडीची पांढरट माती उघडी पडते आणि नेमका तिथेच पिवळा पट्टा दिसतो. ट्रॅक्टर लावून सपाटी केली ते वर्ष मालकाला आठवत असते, पण पट्ट्याशी त्याचा संबंध त्याने लावलेला नसतो. दुसरी जागा म्हणजे पाटाचा शेवट किंवा बांधाकडचा सखल कोपरा, जिथे पाणी थांबते.

चुनखडी पाहायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. कोरड्या मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की चुना असेल तर बुडबुडे येतात. जोराने फसफसले तर चुना जास्त. आमच्या गटाच्या चिटबॉयकडून किंवा शेती मदतनीसाकडून ही तपासणी बांधावर करून घ्यावी. आम्ल घरात ठेवू नये.

लोहाचीच उणीव आहे का, याची खातरजमाही सोपी आहे. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल विरघळवा. कापसाच्या बोळ्याने एका पिवळ्या नव्या पानाचा अर्धा भाग या पाण्याने पुसा आणि पानाला दोरा बांधून ठेवा. आठवड्याने पुसलेला भाग हिरवा झाला तर दुखणे लोहाचे. झाला नाही तर दुसरे काही आहे, आणि तुमचे फवारणीचे पैसे वाचले.

केवड्यासारखे दिसणारे, पण केवडा नसलेले

यात सर्वांत फसवणारा गवताळ वाढीचा रोग. त्यात पान पांढरे पडते, फुटवेही पांढरट, बारीक आणि गवतासारखे पुष्कळ येतात. फरक असा की केवडा पट्ट्याने किंवा टापूने येतो, तर गवताळ वाढ बेटागणिक येते. शेजारचे बेट हिरवेगार आणि मधलेच एक पांढरे, असे दिसले तर हिराकस मारत बसू नये. ते बेट मुळासकट उपटून नष्ट करावे आणि त्या रानातले बेणे कुणालाही देऊ नये, पाहुण्याला तर मुळीच नाही. हा रोग बेण्यातून आणि तुडतुड्यांमार्फत पसरतो.

पावसाळ्यात पोंग्याची पाने बुडाकडे पिवळसर-पांढरी होऊन पिळवटली तर तो पोक्का बोंग, म्हणजे बुरशीचा रोग. पावसाच्या अखेरीस ऊस पिवळा पडत वाळला आणि बेट हाताने ओढताच वर आले तर खाली हुमणी आहे. सहा महिन्यांच्या पुढच्या उसात मधली शीर खालच्या अंगाने पिवळी दिसली तर पिवळ्या पानांच्या विषाणूजन्य रोगाची शंका घ्यावी. या सगळ्यांना खताचा डोस लागू पडत नाही.

उपाय, आणि त्यातला क्रम

पहिला उपाय पाण्याचा. पाळी लांबवा, साचलेले पाणी चर काढून बाहेर घालवा, खोडव्याच्या बगला फोडून मुळांना हवा द्या. पुष्कळ रानांत एवढ्याने फरक पडतो आणि यात दुकानदाराचा काही संबंध येत नाही.

दुसरा उपाय फवारणीचा. दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम हिराकस, शंभर ग्रॅम युरिया आणि दहा ग्रॅम सायट्रिक आम्ल घ्यावे. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर नव्या पानांवर फवारावे. हिराकस हिरवट खड्यांचा असावा. तांबूस भुकटी झालेला माल निकामी. द्रावण पंपात भरण्याआधी तांबूस झाले तर पाणी बायकार्बोनेटचे आहे असे समजून आधी आम्ल टाकावे, मग हिराकस. हे द्रावण करून ठेवू नये, त्याच दिवशी संपवावे.

जमिनीतून हिराकस नुसता टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. चुनखडीच्या जमिनीत तो लगेच निकामी होतो. एकरी दहा किलो हिराकस दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, पाच-सहा दिवस मुरवावा आणि मग सरीत देऊन मातीआड करावा. माती परीक्षणात जस्त कमी निघाले तर एकरी आठ किलो झिंक सल्फेट त्याच रीतीने द्यावे. जस्ताच्या उणिवेत नव्या पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट रुंद पट्टे येतात आणि कांड्या आखूड होतात. एक सूचना चिलेटबद्दल. इडीटीए जातीचे लोह फवारणीला चालते, पण विम्ल जमिनीत टिकत नाही. जमिनीतून द्यायचे असेल तर इडीडीएचए जातीचेच लागते आणि ते महाग असते. पुडीवर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे.

सामू साडेआठच्या वर गेला तर

इथे दुखणे निराळे होते. जमीन ओली असताना चिकट, वाळली की दगडासारखी, पाणी वर तसेच उभे आणि रंग काळपट तेलकट, तर ती चोपण. तिच्यात सोडियम बसलेले असते. पृष्ठभागावर पांढरे मीठ फुटत असेल, पण सामू साडेआठच्या आत आणि विद्युतवाहकता चारच्या वर असेल, तर ती खारवट. दोन्हींना एकच औषध देण्याची चूक सर्रास होते. खारवट जमिनीला जिप्सम लागत नाही. तिला निचरा आणि मीठ धुऊन नेणारे गोडे पाणी लागते. चोपणाला जिप्सम लागते, चुनखडीचे चोपण असेल तर गंधकही चालते, कारण गंधकाने जमिनीतल्या चुन्याचेच जिप्सम होते. किती टाकायचे ते प्रयोगशाळेने काढून द्यावे, शेजाऱ्याने नव्हे. आणि निचरा नसेल तर जिप्समने सुटलेले सोडियम जाणार कुठे? ते तिथेच राहते.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि काही दशकांतच बारामती भागातली पुष्कळ जमीन पाणथळ आणि खारवट झाली, हा इतिहास जुना नाही. कृष्णाकाठच्या शिरोळ आणि वाळवा तालुक्यांत आजही हे दुखणे आहे, आणि शिरोळमध्ये शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून रानं परत मिळवली आहेत. एकट्याच्या बांधापुरता निचरा होत नाही, पाणी शेजाऱ्याच्या रानातून पुढे न्यावे लागते. अशा रानात वाण निवडताना फुले २६५ हा खारवट-चोपणात इतरांपेक्षा तग धरतो, एवढे ध्यानात ठेवावे. पण तो जमीन सुधारत नाही.

नमुना कसा आणायचा

२०१५ पासून मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मँगेनीज, बोरॉन अशा बारा गोष्टी असतात. मोकळा चुना त्यात नसतो. आपल्याला नेमका तोच हवा असतो, म्हणून नमुना देताना "चुनखडीचे प्रमाण काढा" असे वेगळे सांगावे. लोहाचा आकडा साडेचारच्या वर दिसला तरी चुनखडीच्या रानात केवडा पडू शकतो. आकडा बरा आला म्हणून निश्चिंत होऊ नये.

पिवळ्या पट्ट्यातली माती आणि त्याच रानातल्या हिरव्या भागातली माती असे दोन वेगळे नमुने आणावेत. तुलनेशिवाय एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. नागमोडी चालत प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणी एक फूट खोल खड्डा घेऊन त्याच्या बाजूची माती काढावी. बांध, खताच्या ढिगाची जागा आणि झाडाची सावली टाळावी. गंजलेली खुरपी, पत्र्याची बादली किंवा खताचे रिकामे पोते वापरू नये. माती सावलीत वाळवून, मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवावी. खत घातल्यापासून दोन-तीन महिने नमुना घेऊ नये. विहिरीचे पाणी स्वच्छ बाटलीत, तोंडापर्यंत भरून, त्याच पाण्याने तीनदा विसळून आणावे.

पिशवीत चिठ्ठी टाकून तीवर नाव, गट नंबर, वाण, लागण की खोडवा, तोडणीची तारीख आणि शेवटची पाणीपाळी लिहावी. सोबत एक पिवळे पान आणि एक हिरवे पान, दोन्ही शेंड्याकडून तिसरे, वर्तमानपत्रात गुंडाळून आणावे. नमुने आपापल्या गट ऑफिसात द्यावेत.