उताऱ्याबाहेरचं खरं

शिष्यवृत्ती परीक्षेत प्रथम भाषेला २५ प्रश्न आणि ५० गुण असतात. उताऱ्यावरच्या प्रश्नांचं उत्तर तर समोरच छापलेलं असतं, तरी गुण जातात. कसे, ते मोरव्यासारख्या मिठागराच्या गावातल्या मुलांना घरचा वाटेल अशा एका उताऱ्यावर पाहू.

‘पावसाळा सरला की मिठागरात खाडीचे पाणी घेतात. एका वाफ्यातून दुसऱ्यात जाताना ते उन्हाने आटते व त्याचा खारटपणा वाढतो. शेवटच्या वाफ्यात मिठाचे खडे धरतात. मध्येच पाऊस आला तर तयार होत आलेले मीठ विरघळते.’

यावरून कोणता निष्कर्ष निघतो?
(१) पाणी उधाणाच्या भरतीला घेतात.
(२) अवकाळी पावसाने हंगामातले सगळे मीठ जाते.
(३) खारटपणा वाढल्यामुळे पाणी आटते.
(४) मीठ धरेपर्यंत कोरडी हवा टिकावी लागते.

ज्याच्या आजोबांनी मिठागरात घाम गाळला, ते पोर पहिल्या पर्यायावर खूण करून मोकळं होईल. गोष्ट खरीच आहे. पण उताऱ्यात भरतीचं नाव नाही. माहीतगार मुलं इथेच फसतात, आणि मला तरी हा सापळा सगळ्यांत कपटी वाटतो. आधार देणाऱ्या ओळीवर बोट ठेवता येत नसेल, तर तो पर्याय सोडायचा.

दुसऱ्यात ‘सगळे’ खटकतं. उतारा तयार होत आलेल्या मिठापुरतंच बोलतो. मात्र ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘सगळे’ दिसलं की पर्याय खोडा, हा क्लासवाल्यांचा सरसकट नियम घेऊ नये. उताराच तसं म्हणत असेल तर तेच बरोबर.

तिसऱ्यातले शब्द उताऱ्यातलेच, म्हणून ओळखीचे वाटतात. पण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. ‘मुळे’ दिसलं की कशामुळे काय, हे उताऱ्यात जाऊन पाहावं.

राहिला चौथा. ‘कोरडी हवा’ उताऱ्यात कुठेच नाही, म्हणून घाईत तो आधी खोडला जातो. पण ऊन पाणी आटवतं आणि पाऊस मीठ विरघळवतो, ही दोन वाक्यं जोडली की तोच अर्थ निघतो. पेपर काढणारे बरोबर उत्तराचे शब्द मुद्दाम बदलतात.

प्रश्नातल्या ‘चुकीचे’, ‘नाही’ या शब्दांखाली आधी रेघ मारावी. दोन पर्यायांत अडलात तरी शिष्यवृत्तीत उत्तर कोरं सोडू नये, कारण चुकल्यास गुण वजा होत नाहीत. वरच्या इयत्तेच्या शिष्यवृत्ती पेपरात मात्र काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात; तिथे एक सापडला म्हणून थांबू नका.