डिस्क ब्रेकची रोड सायकल जुळवताय? आधी फ्रेम बघा, मग पार्ट घ्या

वाईचा पसरणी घाट पावसात उतरताना ओल्या रिमवर ब्रेक उशिरा पकडतो. म्हणूनच अनेक जण डिस्क ब्रेकची रोड सायकल सुटे पार्ट घेऊन जुळवतात. पण एक माप चुकले, तर महागडा पार्ट घरी पडून राहतो.

जुनी फ्रेम चालेल का?
सहसा नाही. रिम ब्रेकच्या रोड फ्रेममध्ये मागच्या हबसाठी साधारण १३० मिमी जागा असते. डिस्कच्या बहुतेक नव्या फ्रेममध्ये ती १४२ मिमी असते आणि १२ मिमीचा थ्रू ॲक्सल लागतो. शिवाय फ्रेम आणि फोर्कवर कॅलिपर बसवायची सोय हवी.

रोटर कोणता?
रोड सायकलला १४० किंवा १६० मिमीचे रोटर येतात. मोठा रोटर उष्णता चांगली झेलतो. घाट उतरायचे असतील, तर निदान पुढे १६० मिमीचा घ्या. हब सेंटर लॉकचा आहे की सहा बोल्टचा, हेही तपासा.

हायड्रॉलिक की केबल?
हायड्रॉलिकला बोटांचा जोर कमी लागतो, पण शिफ्टरही हायड्रॉलिकच हवा. केबलचा ब्रेक स्वस्त असतो आणि वाटेत दुरुस्त करता येतो.

तेल बदलले तर?
शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, तर स्रॅमच्या बहुतेक रोड ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. चुकीचे तेल भरल्यास सील खराब होऊन ब्रेक निकामी होऊ शकतो.

म्हणून फ्रेमची मापे आधी लिहून घ्या आणि ऑर्डर नंतर द्या.