खांदेरीचा दिवा

आम्ही बुलढाण्याचे. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर. १९९२ साली बँकेने अलिबागला बदली केली तेव्हा आईने विचारलं, "समुद्राले कठडा असते का रे?"

टेबलावर पहिलंच प्रकरण आलं ते थळच्या एका नाखव्याच्या होडीचं. तारण पाहिल्याशिवाय सही नाही, म्हणून त्याच्या जुन्या होडीतून समुद्रात गेलो. परतताना अंधार पडला. मी काठ घट्ट धरून बसलेला. दूर एक दिवा उघडझाप करत होता. "खांदेरी. तो दिसला म्हणजे घर दिसलं, साहेब," नाखवा म्हणाला. कर्ज मंजूर झालं.

थळपासून साधारण पाच किलोमीटरवरचं हे बेट. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं आणून वेढा घातला. मायनाक भंडारींची माणसं हटली नाहीत. रात्रीच्या काळोखात लहान होड्या इंग्रजांच्या नजरा चुकवून रसद पोचवत राहिल्या. इंग्रजांना शेवटी माघार घ्यावी लागली. (आमच्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंना हे पाहायला मिळालं नाही, त्या १६७४ सालीच गेल्या.) काळोखाने तगवलेल्या त्या बेटावर १८६७ साली दीपगृहाचा अष्टकोनी मनोरा उभा राहिला, तोही इंग्रजांच्याच राज्यात!

दीपगृहाची करामत भिंगात असते. फ्रेनेल या फ्रेंच माणसाने १८२२च्या सुमारास काचेच्या लोलकांची कडी रचून चहूकडे सांडणारा उजेड एका झोतात गोळा केला. शिवाय प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी. खलाशी सेकंद मोजतो आणि दिवा ओळखतो. आम्ही चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहायचो, तसंच.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ती होडी एका रात्री परतलीच नाही. मी थळला गेलो. नाखव्याची बायको वाळूत बसली होती, काही बोलत नव्हती. मला लाज वाटली. मनात आधी हप्त्याचा विचार आला होता. उजाडताना होडी दिसली. इंजिन बंद पडलं होतं. वाऱ्याने कुठे नेलं कळेना, मग खांदेरी दिसली आणि शिडावर आले.

२०२५ साली युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे. ते वाचून थळला गेलो. नाखवा आता नाही. मुलाच्या होडीवर जीपीएस आहे. "मग दिवा कशाला?" मी विचारलं.

"यंत्राची बॅटरी उतरते, काका," तो म्हणाला आणि सवयीने खांदेरीकडे पाहून ओठांतल्या ओठांत सेकंद मोजू लागला.