वाऱ्याची दिशा

केमोथेरपीची काही औषधे कोरड्या भुकटीच्या रूपात येतात. बंद व्हायलमध्ये दहा मिलिलिटर पाणी सोडले की आतली हवा दाबली जाते आणि सुई काढताना औषधाचे तुषार घेऊन बुचाच्या छिद्रातून उसळते. म्हणून जाणती सिस्टर पाणी एकदम रेटत नाही. थोडे पाणी आत, थोडी हवा सिरिंजमध्ये, असे करत ती आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमीच ठेवते. हे कसब आहे, आणि दिवसभराच्या कामानंतर कसबी हातही चुकतो.

गंमत अशी, की इंजेक्शने तयार करण्यासाठी जे पहिले मोठे यंत्र आले, ते या हातांसाठी नव्हतेच. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड यांनी 1960च्या सुमारास एकाच दिशेने संथ वाहणाऱ्या गाळलेल्या हवेची कल्पना मांडली. धूळ नको होती ती अण्वस्त्रांच्या बारीक सुट्या भागांवर. त्या हवेसाठी वापरलेला हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. पुढे हीच युक्ती रुग्णालयांच्या औषध विभागांत 'लॅमिनार फ्लो' म्हणून आली. मागच्या भिंतीतून स्वच्छ हवा येई, औषधावरून जाई आणि समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर आदळे. सलाइन किंवा प्रतिजैविकांसाठी ठीक. पण पेशी मारणाऱ्या औषधांचे तुषारही त्याच वाऱ्यावर स्वार होत. रुग्णाचे औषध निर्जंतुक राहिले, त्याची किंमत मिसळणाऱ्याने मोजली.

1979 साली फिनलंडमधल्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवले, की ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकीय बदल घडवणारे गुण आढळतात. 1982 साली टेक्सासमधून औषधे मिसळणाऱ्या फार्मासिस्टांविषयी तसाच निष्कर्ष आला. आडव्या प्रवाहाच्या यंत्रावर काम करणाऱ्यांत हे गुण वाढत, उभ्या प्रवाहाच्या कॅबिनेटवर काम केले की दिसेनासे होत. केवळ वाऱ्याची दिशा बदलल्याने एवढा फरक पडावा, यापेक्षा बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

आजच्या जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये हवा वरून खाली येते आणि समोरच्या जाळीतून आत ओढली जाते. हा हवेचा पडदा फार नाजूक असतो. जाळीवर कागद ठेवला किंवा हात झपकन आतबाहेर केले, की तो फाटतो.

व्हायलच्या दाबावरचा उतारा मात्र स्वीडनमधून आला. तिथल्या 'फेसील' या साधनात व्हायलच्या तोंडावर एक टोपण बसते आणि त्याला एक फुगणारी पिशवी असते. पाणी आत गेले की हवा या पिशवीत शिरते, खोलीत नाही. सुई दोन पडद्यांमधून जाते, आणि बाहेर येताना ते पडदे तिला पुसून घेतात. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने 2004च्या सूचनेत अशा बंद साधनांचा पुरस्कार केला, पण कॅबिनेटच्या जोडीला, त्याऐवजी नव्हे.

ही साधने एकदाच वापरून टाकायची, त्यामुळे खर्च प्रत्येक व्हायलमागे वाढतो. लहान रुग्णालयाचा हिशेब इथेच अडतो, आणि मग एप्रन, मास्क, हातमोजे यांवरच भागवले जाते. एवढ्यावर भागवणे मला पटत नाही, पण हातमोजे दुय्यम आहेत असेही नाही. तपासण्यांत कारखान्यातून आलेल्या न उघडलेल्या व्हायलच्या बाहेरच्या काचेवरही औषधाचे अंश सापडले आहेत. म्हणून हातमोजे कॅबिनेटपाशी पोचल्यावर नव्हे, खोका फोडण्याआधीच चढवायचे असतात.