दूरच्या दीर्घिकेतलं चुंबकत्व कसं ‘दिसतं’?

चुंबकीय क्षेत्र डोळ्यांना दिसत नाही. कागदाखाली चुंबक ठेवून वर लोखंडाचा कीस पसरला, की मात्र त्याच्या रेषा उमटतात. मग सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेत हा कीस कुठून आणायचा? तो तिथे आधीच आहे, धुळीच्या रूपात!

सप्तर्षी तारकासमूहातली एम८२ ही ‘स्टारबर्स्ट’ दीर्घिका आहे, म्हणजे तिथे नवे तारे प्रचंड वेगाने जन्मतात. आपल्या आकाशगंगेच्या तुलनेत हा वेग सुमारे दहापट आहे. या ताऱ्यांच्या प्रकाशामुळे आणि स्फोटांमुळे वायू आणि धूळ तबकडीच्या वर-खाली उधळली जाते. तिला ‘दीर्घिकेचा वारा’ म्हणतात.

यातले धूलिकण गोल नसून लांबट असतात. ताऱ्यांच्या प्रकाशाने ते गरगरतात आणि त्यांची लांब बाजू चुंबकीय रेषांना काटकोनात येते. कोमट धूळ दूर-अवरक्त किरण सोडते. या किरणांची कंपनं कणांच्या लांब बाजूच्या दिशेनेच जास्त होतात. यालाच ध्रुवित प्रकाश म्हणतात. ही दिशा मोजायची आणि ९० अंशांनी वळवायची, की चुंबकीय क्षेत्राची दिशा मिळते.

हे मोजमाप साध्या प्रकाशात का करत नाहीत? कारण एम८२च्या गाभ्यातला प्रकाश आजूबाजूच्या धुळीवर विखुरतो आणि त्यानेही ध्रुवित होतो, त्यामुळे फसगत होते. दूर-अवरक्त किरणांत ही अडचण नसते. पण ते हवेतल्या बाष्पात शोषले जातात. म्हणून ‘सोफिया’ ही दुर्बीण बोईंग ७४७ विमानात बसवून १२-१३ किलोमीटर उंचीवरून निरीक्षणं केली गेली.

२०१९ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. चक्राकार दीर्घिकांमध्ये चुंबकीय क्षेत्र बहुधा तबकडीला समांतर असतं. एम८२च्या मध्यभागी मात्र ते तबकडीला काटकोनात, वाऱ्याच्याच दिशेने वळलेलं दिसलं. म्हणजे वारा वायूबरोबर चुंबकीय क्षेत्रही ओढून नेतो.

याचं महत्त्व मोठं आहे. दीर्घिकांमधल्या पोकळीतही क्षीण चुंबकत्व असावं, असं मानलं जातं. ते आलं कुठून, या कोड्याचं एक उत्तर अशा वाऱ्यांत असू शकतं. सोफियाची उड्डाणं २०२२ मध्ये थांबली, तरी तिने टिपलेल्या नोंदींवरचा अभ्यास चालूच आहे.